दार नसलेला किल्ला

राजय्या मास्तरांनी समुद्रकाठचे सात किल्ले कागदावर उतरवले आणि समुद्र पाहिला तो एकदाच, तोही चुकीच्या दिवशी. त्यांच्याविषयी लिहायचं माझ्या फार दिवस मनात होतं. लिहिलं नाही, कारण त्यांच्या गोष्टीत मी जिथे जिथे येतो तिथे मला स्वतःचं तोंड बघवत नाही. पण त्यांना जाऊनही आता दोन उन्हाळे झाले आणि आमच्या कारखान्यात त्यांचं नाव घेणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. तेव्हा शेवटी माझ्यासारख्यानेच लिहावं, हे त्यांच्या नशिबाला धरूनच झालं.

कोकणात फिरायला गेलेली माणसं परतताना धक्क्यावरच्या टपरीतून एक विणलेलं चित्र घेऊन येतात. वर आडवी काठी, खाली झालर, मधे किल्ला आणि निळंशार पाणी. ते दिवाणखान्यात टांगतात आणि पाहुण्यांना सांगतात, मुरूडहून आणलं. ते मुरूडचं नसतं. ते सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल आणि चादरींच्या शेजारच्या मागावर तयार होतं. समुद्र तिथून इतका लांब, की आमच्याकडे पाण्याचा टँकर आला तरी बघायला गर्दी होते. अशा ठिकाणी आम्ही जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग विणायचो, बारा-बाराचे गठ्ठे बांधायचो आणि कोकणात पाठवायचो. गठ्ठे बांधून पाठवण्याचं टेबल माझं होतं.

मास्तर ग्राफ करणारे. चित्र आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर काढायचं आणि एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे कापडातला एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या मागावर चढवायच्या, मग माग मुकाट्याने त्या भोकांचं ऐकतो. चौकटीला मास्तर 'घर' म्हणत. एखादं घर चुकलं तर खोडायचे नाहीत. खोडरबर त्यांच्या टेबलावर मी कधी पाहिला नाही. चुकलेलं घर ब्लेडने कापून काढायचे, मागून तेवढाच नवा तुकडा चिकटवायचे आणि पुन्हा रंगवायचे. "खोडलं की कागदाला कळतंय," म्हणायचे. घरं मोजायचे तेलुगूत, आमच्याशी बोलायचे मराठीत आणि वैतागायचे दखनीत. त्यामुळे ते ओठातल्या ओठात काय पुटपुटतायत यावरून काम कसं चाललंय ते कळायचं.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी मंद्रूपचा, म्हणून मी मंद्रूप. "ए मंद्रूप, च्या सांग की." मी कामाला लागलो तेव्हा ते पंचावन्नच्या पुढचे होते. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशाला चार पेन्सिली, चष्म्याला मागून विणकामाचाच पक्का धागा बांधलेला. कुठेही गेले तरी अंथरलेल्या कापडाचा कोपरा उचलून उलटी बाजू बघायची त्यांना खोड होती. माझ्या साखरपुड्याला ते मंद्रूपला आले. ओसरीवर नवीकोरी चादर अंथरून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली होती. मास्तरांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना हाताला धरून उठवलं, चादरीचा कोपरा उलटा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही सोलापूरची न्हाई. धागे लोंबतायत. कुणी आणली?" चादर मुलीकडच्यांनी आणली होती, अस्सल सोलापुरी म्हणून. पुढचा अर्धा तास ओसरीवर कुणी कुणाशी बोललं नाही. मास्तरांच्या ते गावीही नव्हतं. ते निवांत शिरा खात होते.

पण ज्या माणसाला दुसऱ्याच्या चादरीतला खोटेपणा अर्ध्या मिनिटात दिसायचा, त्याचे स्वतःचे सातही किल्ले खोटे होते. दोष त्यांचा नव्हता. कारखान्याचे शेठ कॅलेंडरचं पान आणून द्यायचे, "मास्तर, हे करा," म्हणायचे. कॅलेंडरवाल्या चित्रकाराने किल्ला पाहिला होता की नाही देव जाणे. मास्तरांच्या जंजिऱ्याला दारापर्यंत चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुलझाडं होती. समुद्र तर सातही किल्ल्यांना एकच होता, आणि तो एका साडीच्या काठावरून घेतलेला. माल जात होता. शेठ खूश होते. मास्तरही बरी मेहनत घेतली म्हणून खूश असायचे. तसेच राहिले असते तर बरं झालं असतं.

एका दुपारी जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीच्या धक्क्यावरून फोन आला. सुगंधाबाई म्हणून एक कोळीण तिथे टपरी चालवायची, आमच्याकडून माल घ्यायची. मास्तर शेजारीच चहा पीत होते म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पुढे मला ती बुद्धी का झाली असं पुष्कळदा वाटलं.

"अवो दादा, ह्यो किल्ला आमचा नाय," बाई म्हणाल्या. "लोकं होडीतून किल्ला बघून येतात नि मला इचारतात, मावशी, हा कुठला? आमच्या किल्ल्याला बाग कुठनं आली? पाण्यात फुलझाडं लावलीत व्हय तुमी? कोण काढतो ही चित्रं? डोळं हायत का त्याला?"

मी फोन बंद केला. मास्तरांनी कप खाली ठेवला. शेठना सांगितलं तर ते हसले. "घेतायत ना लोक? मग झालं." मास्तर हसले नाहीत. त्यांनी जंजिऱ्याचा जुना ग्राफ काढला, भिंतीला लावला आणि सुट्टी होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. निघताना मला म्हणाले, "ती बाई बरोबर बोलली. आपुन बघितलंच न्हाई की."

शेवटी त्यांनी बघायला जायचं ठरवलं. शेठनी रजा दिली नाही. मग उरली ती एकच सुट्टी, नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी सोलापुरातल्या विणकरांचा मोठा सण असतो. मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, माग बंद असतात, आणि रथाबरोबर गाडीवर चालता हातमाग ठेवून त्यावर देवाचं वस्त्र विणतात. त्या मागावर बसणाऱ्यांत मास्तर कितीतरी वर्षं होते. शर्ट काढून, नवं जानवं घालून, सगळ्या पूर्व भागाच्या, म्हणजे आमच्या विणकर वस्तीच्या, डोळ्यांदेखत विणत जायचं. एरवी खाली मान घालून घरं भरणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा लोक मान वर करून बघायचे. ती जागा त्यांनी त्या वर्षी सोडली. घरात रडारड झाली. त्यांची बायको, मी त्यांना अक्का म्हणायचो, मला म्हणाल्या, "देवाला सोडून दगड बघायला निगालाय. तू तरी सांग की." मी सांगितलं नाही. मला कोकण फुकटात बघायला मिळत होतं.

पुण्याला एसटी बदलून आम्ही सकाळी मुरूडला उतरलो तेव्हा पाऊस आडवा येत होता. राजपुरीच्या धक्क्यावर गेलो तर सगळ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या. कोळी लोक नवे कपडे घालून, वाजतगाजत नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघालेले. सुगंधाबाईंची टपरी बंद होती, पण त्या स्वतः त्या घोळक्यात सापडल्या. मी ओळख सांगितली. मास्तरांनी हात जोडून विचारलं, "किल्ल्यावर जायची होडी किती वाजता हाय?"

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होडी? अवो, पावसाळाभर किल्ला बंद असतो. आज नारळ टाकणार, मग दर्या शांत व्हनार, मग पुढं कधीतरी होड्या. तुमच्याकडं कुणालाच म्हाईत नाय हे?"

नव्हतं माहीत. सोलापुरात कुणाला माहीत असणार? आमच्याकडे पाऊस पडला तर रस्त्यावर येऊन बघतात. समुद्रही वर्षातून काही महिने बंद असतो, हे सात किल्ले विणलेल्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. देवाचा सण सोडून, इतका प्रवास करून ते नेमके अशा दिवशी आले होते की ज्या दिवशी कुठलाही शहाणा माणूस किल्ला बघायला येत नाही. मी मनातल्या मनात हसलो, तेही लिहून टाकतो.

मास्तर मात्र तिथेच उभे राहिले. समोर पाण्यात काहीतरी लांबलचक, बुटकं, काळपट दिसत होतं.

"हाच?"

"ह्योच," बाई म्हणाल्या.

"दार कुटं हाय?"

"दार समोरच हाय. पन हितनं दिसायचं नाय. दोन बुरुजांच्या मधी दडलंय. होडी पार जवल गेली का मंग दिसतं. तवर समदी भितच. म्हनून तर कुनाला घेता आला नाय त्यो."

मास्तरांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला नीट आठवतं. हरवलेली वस्तू सापडली की लहान मुलाचा होतो तसा झाला. मला म्हणाले, "बघ मंद्रूप. ज्यानं बांधलं त्यानं दार लपवलं, आन् मी त्याला पायऱ्या घालून दिल्या. फुलं लावली." आणि मग ते दिवसभर छत्रीखाली उभे राहून वहीत किल्ला काढत होते. पाणी निळं नव्हतं, ताकात माती कालवल्यासारखं होतं. येणारी लाट आणि परत जाणारी लाट यांचा रंग वेगळा असतो, हे त्यांनी मला तीनदा दाखवलं. मला एकदाही दिसलं नाही. बाईंनी त्यांच्याही हातात एक नारळ दिला. ते पायजमा वर खोचून गुडघाभर पाण्यात गेले, आणि नारळ फेकायचं सोडून त्यांनी तो हळूच पाण्यावर ठेवला. लाटेने तो परत आणला. पुन्हा ठेवला, पुन्हा परत आला. किनाऱ्यावरचे कोळी पोट धरून हसत होते. मास्तर बाहेर आले, म्हणाले, "आज आमच्यातबी सण हाय. तितं माझा माग रिकामा असंल." रिकामा नव्हता. त्या जागी दुसऱ्याला बसवलं होतं, आणि ती जागा मास्तरांना पुन्हा कधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी विचारायला गेले तेव्हा त्यांना सांगितलं, तुमी किल्लेवाले, तुमचं काय काम हितं.

त्यानंतर सात-आठ महिने ते घरी बसून नवा ग्राफ करत होते. कारखाना सुटला की सायकलवर टांग मारून थेट घरी. रविवारी मी कधी गेलो तर जमिनीवर कागद पसरलेला असायचा आणि त्याच्या कडेने अक्कांना भिंतीला पाठ घासत जावं लागायचं. फक्त चार रंग होते. राखाडी, काळा, मातकट हिरवा आणि थोडा पांढरा. किल्ला किनाऱ्यावरून दिसतो तसा, आडवा, ओला. बुरूज जितके दिसले तितकेच. पडझड झालेली जागा पडझड झालेलीच. आणि पाणी! साडीचा काठ कुठच्या कुठे गेला होता. मला चित्रातलं कळत नाही, पण त्या कागदापाशी उभं राहिलं की पाय ओले झाल्यासारखे वाटायचे. आणि सगळ्या भिंतीत दार कुठेही नव्हतं.

मी सुगंधाबाईंना फोनवर वर्णन सांगितलं. त्या म्हणाल्या, "असा आला तर ह्यो आमचा. पयले वीस मला." मास्तरांना ते सांगितल्यावर त्यांनी मला हॉटेलात नेऊन भजी खिलवली. एवढी उधळपट्टी त्यांनी त्याआधी केल्याचं मला माहीत नाही.

मग ग्राफ शेठच्या टेबलावर गेला. शेठनी तो डावीकडून उजवीकडे पाहिला, उजवीकडून डावीकडे पाहिला.

"दार कुठंय?"

"दिसत न्हाई, शेठ."

"झेंडा?"

"न्हाई."

"सूर्य? होड्या? काहीच नाही? मास्तर, हा किल्ला आहे का म्हशीची पाठ? दिवाणखान्यात कोण लावेल हे?"

"तितं हाय ते हाय. हितनं दार दिसत न्हाई म्हणून तर तो किल्ला हाय, शेठ."

"बरं, ठेवा. बघू," शेठ म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मास्तरांना मात्र कळलं नाही. ते रोज सकाळी आल्या आल्या मागाकडे जाऊन बघून यायचे, पट्ट्या चढल्या का.

याच सुमारास शेठनी कॉम्प्युटर घेतला आणि मला डिझाइनचं शिकायला पाठवलं. मी शिकून आलो. मला पंख्याखालची खुर्ची मिळाली, लोक मला साहेब म्हणायला लागले, एकदोघांनी तर सर म्हटलं. शेठनी पहिलं काम दिलं ते मास्तरांच्या ग्राफचं. "हा आत घे, आणि याला दार घाल. सूर्य घाल. झेंडा घाल. पाणी निळं कर." मी म्हणू शकलो असतो की एकदा मास्तरांना विचारू. म्हणालो नाही. सात-आठ महिन्यांच्या कामात एका दुपारी मी दार घातलं. दार इतकं मोठं झालं की एखाद्या थेटराचं वाटावं. वर मावळता सूर्य, दोन शिडाच्या होड्या. आणि शिकाऊ माणूस करतो ती चूकही केली. मास्तरांचं मूळ चित्र वेगळं ठेवलं नाही. त्याच्यावरच सगळं केलं आणि तेच ठेवून दिलं. सगळं झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून बघितलं आणि मला ते फार छान वाटलं. मला खरंच छान वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

माल धडाधड गेला. इतका गेला की शेठच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. किल्ला तोच ठेवायचा, खालचं नाव बदलायचं. जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, एकाच दाराचे, एकाच सूर्याचे. नावंही मीच बदलली. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांतून आजही तो विकला जातो. कुणीही एवढ्या वर्षांत विचारलं नाही की चार गावांचे किल्ले जुळे कसे.

मास्तरांना ते गठ्ठे बांधायच्या खोलीत दिसलं. मी तिथेच होतो. त्यांनी एक उचललं, बघितलं. दुसरं उचललं. चार नावं वाचली. मला वाटलं आता दखनीत सुरू होतील. ते काही पुटपुटलेदेखील नाहीत. चष्मा पुसून मला विचारलं, "दार कुणी घातलं?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटरनं."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "असं व्हय," म्हणाले आणि गेले.

त्यांचं ग्राफचं काम तेव्हापासून बंदच झालं. शेठ माणूस वाईट नव्हते, काढून टाकलं नाही. टॉवेलांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. त्याही ते सरळ ओळीत चिकटवायचे.

त्या थंडीत शहरात कुणीतरी सागरी वारशावर प्रदर्शन भरवलं. सोलापुरात सागरी वारसा कशाला, असं कुणाला वाटलं नाही. हॉल तेवढाच रिकामा मिळाला असेल. आमच्या शेठचा सत्कार झाला. किनाऱ्यावरच्या ऐतिहासिक वास्तू घराघरांत पोचवल्या म्हणून शाल, श्रीफळ. सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, शेठनी स्वतः समुद्रात जाऊन किल्ल्याचा कसून अभ्यास केला. शेठनी मान खाली घालून ते स्वीकारलं. शेठ समुद्रात कधी गेले नव्हते, त्यांना एसटीतसुद्धा मळमळतं. मागे पडद्यावर माझा थेटरच्या दाराचा किल्ला झळकत होता. मग शेठना उमाळा आला आणि म्हणाले, "आमचे जुने कारागीर राजय्या मास्तर इथं आहेत, त्यांनाही वर बोलवा." मास्तर तिसऱ्या रांगेत होते. ते चढले. कुणीतरी हातात माईक दिला. आयुष्यात माईक धरला नव्हता, तो त्यांनी पेन्सिलीसारखा धरला. पडद्याकडे बोट करून म्हणाले,

"ह्या किल्ल्याला दार हाय. पण हितनं दिसत न्हाई."

एवढंच. आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला. माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, "केवढं खोल बोलला म्हातारा! संतच की." पडद्यावर दार बैलगाडी जाईल एवढं उघडं होतं आणि ते लोक टाळ्या वाजवत होते. मास्तर तिथे उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. ते तक्रार करत होते हे त्या हॉलमधे फक्त मला कळलं होतं, आणि मीही टाळ्या वाजवत होतो. समोर व्यासपीठावर शेठ बसले होते ना.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "मंद्रूप, माझा कागद दे. घरी ठिवतो." मी शेठना विचारलं. शेठनी कारकुनाला विचारलं. कॉम्प्युटरच्या खोलीत थंड हवेचं यंत्र बसवताना जुने ग्राफ भंगारात दिले होते, गठ्ठ्याने. मास्तरांचा सगळ्यांत वर होता म्हणे. मी परत येऊन सांगितलं. मास्तरांनी खिशाच्या चार पेन्सिली काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि त्या दिवसापासून कामावर आले नाहीत. शेठ म्हणाले, "मानी आहेत." जणू तो एखादा आजार होता.

दीड वर्ष मी त्यांच्याकडे गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही. मग एक दिवस सुगंधाबाईंचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला आणि ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "दादा, दार नसलेला त्यो किल्ला कधी धाडताय? त्यो म्हातारा बरा हाय ना?" पुढच्या सोमवारी शेठ बाहेरगावी होते. मी कॉम्प्युटरवर किल्ला उघडला आणि दार पुसायला बसलो. पण दाराखालची मास्तरांची भिंत कुठे होती? ती मीच मिटवून टाकली होती. मग मी शेजारची भिंत उचलली आणि दाराच्या जागी बसवली. सूर्य काढला, होड्या काढल्या, पाणी जमेल तेवढं मळकट केलं. एका ओळखीच्या माणसाला सांगून एकच नग विणून घेतला. घडी करताना वाटलं, चला, फिटलं.

मास्तर घराच्या उंबऱ्यात उन्हाला बसले होते. वाळून काटकी झाले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. आत अक्का सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होत्या. मी पाया पडलो आणि ते कापड त्यांच्या मांडीवर उलगडलं.

"मास्तर, तुमचा किल्ला. दार न्हाई बगा."

त्यांनी ते उचलून बऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. डाव्या बुरुजापासून सुरुवात केली. बोट धाग्याधाग्याने पुढे सरकत होतं, ओठ हलत होते. तेलुगूत मोजत होते. मधोमध आल्यावर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"हे दगड शेजारचेच हायती," ते म्हणाले. "दोनदा आले."

त्यांनी बोट तिथेच टेकवून ठेवलं.

"हितं मी येगळे घातले हुते. एक फुटका हुता."

"मास्तर, ते मूळचं ऱ्हायलं न्हाई. मीच..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तवा कॉम्प्युटर म्हणालास. मी म्हटलं, असू दे, पोरगं हाय, लाजलंय. उद्या यील, सांगंल. लई दिवस वाट बघितली मी."

त्यांनी कापडाची घडी घातली, काठाला काठ बरोबर जुळवून, आणि आत हात लांब केला.

"अगं, हे घे. पानं झाकायला."

अक्का बाहेर आल्या. "नवं हाय की हे!"

"नवं हाय. खोटं हाय."

विड्यांची पानं मऊ राहावीत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग दारातल्या बादलीत ते कापड बुडवलं, दोनदा वरखाली केलं, पिळलं आणि पानांवर टाकून चारी बाजूंनी दाबून बसवलं. मास्तर उन्हाकडे तोंड करून बसले. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

मी बादलीकडे बघत होतो. आमच्या कारखान्याचा रंग पक्का असतो. पाण्यात एक थेंबही उतरला नव्हता.